एलियनवेअर 17 (2013): आतलं कार्ड बदलू, बाहेरून जोडू की मशीनच बदलू?

डोंबिवली_फास्ट

मशीन असं आहे: एलियनवेअर 17 (डेलचा गेमिंग लॅपटॉप), 2013 चं मॉडेल, आय7-4700एमक्यू प्रोसेसर, 16 जीबी रॅम, जीटीएक्स 770एम 3 जीबी ग्राफिक्स कार्ड, 60 हर्ट्झचा फुल एचडी पडदा, 180 वॅटचा अडॅप्टर. यंत्र ठणठणीत आहे, बिजागऱ्या घट्ट, कीबोर्ड शाबूत. फक्त ग्राफिक्स कार्ड आता नव्या गेमना पुरत नाही. बजेट 35 हजार, त्यात सगळं बसायला हवं.

तीन वाटा दिसतात. आतलं एमएक्सएम (लॅपटॉपमधलं काढता-बसवता येणारं) कार्ड काढून जीटीएक्स 1060 ची 6 जीबीवाली एमएक्सएम आवृत्ती बसवायची. किंवा वायफायच्या स्लॉटमधून केबल बाहेर काढून डेस्कटॉपचं कार्ड जोडायचं. किंवा हे विकून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सेकंड हँड काहीतरी उचलायचं.

तिसऱ्या वाटेत एक उपप्रश्न आहे. एकेकाळी ज्यांचा दबदबा होता त्या व्हायो, तोशिबाचे लॅपटॉप तिथे स्वस्तात दिसतात. कंपनीनेच धंदा सोडला असेल तर पार्टचं काय? की ब्रँडच्या स्टिकरकडे बघूच नये?

सोल्डरिंग जमतं, मल्टिमीटर आहे, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या प्रणालीची) चिप वाचायला-लिहायला सीएच341ए प्रोग्रामर आहे. आगाऊ धन्यवाद.

माटुंगा_हीटसिंक

पहिल्या वाटेची कृती देतो, पण पैसे टाकायच्या आधी तारखा बघा. 770एम हे एनव्हीडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या केपलर पिढीचं आहे, लॅपटॉपच्या केपलरला एप्रिल 2019 नंतर गेम ड्रायव्हर आलेले नाहीत. 1060 पास्कल पिढीचं. पास्कल आणि तिच्या आधीच्या मॅक्सवेल पिढीसाठी एनव्हीडियाने ऑक्टोबर 2025 मध्ये गेम ड्रायव्हर थांबवले, आता ऑक्टोबर 2028 पर्यंत तीन-तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेचे अपडेट. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 च्या यादीत मोजके अपवाद सोडता इंटेलची आठवी पिढी आणि पुढचेच प्रोसेसर आहेत, तुमचा चौथीतला. म्हणजे कार्ड बसेल, पण पायाखालची जमीन आधीच सरकलेली आहे. 2018-19 पर्यंतचे गेम खेळायचे असतील तर मात्र 1060 अजून दणकट आहे. तेवढंच हवं असेल तर पुढचं वाचा.

पहिली अडचण पडद्याची. या मॉडेलचा 60 हर्ट्झचा पॅनल एलव्हीडीएस या जुन्या जोडणीवर चालतो आणि 120 हर्ट्झचा ईडीपी या नव्या जोडणीवर. पास्कलच्या चिपमध्ये एलव्हीडीएसचा आउटपुटच नाही. त्यामुळे तुमच्या मशीनमध्ये पडदा इंटेलच्या ग्राफिक्सकडेच ठेवायचा आणि 1060 ने ऑप्टिमसमधून (दोन्ही ग्राफिक्स मिळून चालवण्याचं एनव्हीडियाचं तंत्र) मागून काम करायचं. चुकून थेट कार्डाच्या मोडमध्ये टाकलंत तर पडदा काळा आणि आठ बीप. आठ बीप ऐकून लोक कार्ड मेलं म्हणून फेकायला निघतात. तो डेलचा पडदा न सापडल्याचा इशारा आहे. अडॅप्टर आणि बॅटरी काढा, सीमॉसचा सेल (बायोसची सेटिंग राखणारी छोटी बॅटरी) दहा मिनिटं बाहेर ठेवा, पुन्हा लावा, बहुतेक वेळा मशीन इंटेलवर परत येतं.

दुसरी, आकाराची. एमएक्सएम 3.0 मध्ये ए प्रकार 82 x 70 मिमी आणि बी प्रकार 82 x 105 मिमी. तुमचं बी आहे. विकणारे "एमएक्सएम आहे, बसेल" एवढंच सांगतात. प्रत्यक्षात चिपची जागा, मेमरी कुठे आहे, हीटसिंकचे स्क्रू कुठे पडतात आणि मागच्या एक्स-ब्रॅकेटला (कार्डामागच्या आधाराच्या पट्टीला) जागा आहे का, हे सगळं जुळायला हवं. फोटो मागवा, आपल्या कार्डाच्या फोटोशेजारी ठेवून भोकं मोजा.

आता बसवणं. कार्ड रॅमसारखं तिरकं, साधारण 30 अंशांत सरकवायचं, खाली दाबायचं, दोन स्क्रू. जुने थर्मल पॅड (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारे) नव्या कार्डावर तसेच वापरू नका, मेमरी आणि व्हीआरएमची (चिपला वीज पुरवणाऱ्या भागांची) उंची वेगळी असते. उंची काढायची सोपी युक्ती: मुलांच्या खेळण्यातली क्ले क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून वाटाण्याएवढे गोळे मेमरीच्या चिपवर ठेवा, हीटसिंक चारही स्क्रूंनी आवळा, पुन्हा काढा आणि चपटी झालेली क्ले व्हर्नियरने मोजा. येईल त्या मापाचा मऊ पॅड घ्या. जाड पॅड लावला की हीटसिंक मेमरीवर टेकतं आणि मधल्या चिपवरून उचललं जातं. लोड दिल्यावर मिनिटाभरात तापमान 95 च्या घरात गेलं, तर पेस्टला दोष देऊ नका, पॅड तपासा.

पेस्टऐवजी हनीवेलचं पीटीएम7950 लावा. पातळ फिल्म असते, चिपच्या मापाची कापायची, दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली की दोन्ही बाजूंचं प्लास्टिक नीट सुटतं. साधारण 45 अंशांना ते मऊ होऊन पसरतं, म्हणून पहिल्या दिवशी आकडे जास्त दिसतील, तीन-चार वेळा गरम-थंड होऊ द्या. लिक्विड मेटलच्या भानगडीत पडू नका. ते ॲल्युमिनियम खातं, आणि एखादा थेंब शेजारच्या बारीक कपॅसिटरवर सांडला की शॉर्ट.

विजेचं गणित जमतं. 1060 साधारण 80 वॅट, 770एम 75 च्या आसपास, सीपीयू 47. तुमचा 180 वॅटचा अडॅप्टर पुरेल. 1070 चा मोह झाला तर 240 वॅटचा लागेल, आणि तो डेलचाच घ्या. त्याच्या पिनच्या मधोमध ओळख पटवणारी तार असते. मशीनला ओळख पटली नाही की बॅटरी चार्ज होत नाही आणि सीपीयू वेग पाडून चालतो.

ड्रायव्हर सरळ बसणार नाही, कारण एनव्हीडियाच्या यादीत या मशीनबरोबर 1060 ची जोडीच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा. शेवटी 1028 दिसेल, तो डेलचा क्रमांक. ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये (कोणत्या हार्डवेअरवर चालेल त्याची यादी) त्याच चिपची एखादी ओळ शोधा, कॉपी करून सबसिस्टिमचा आकडा आपला घाला, खालच्या नावांच्या यादीतही तशीच ओळ वाढवा. सिक्युअर बूट बंद, मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट करून ड्रायव्हर सिग्नेचरची सक्ती त्या एका बूटपुरती काढायची आणि इन्स्टॉल करायचं. विंडोज मुळात यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) मोडमध्ये हवी. लेगसी म्हणजे जुन्या मोडमध्ये असेल तर आधी ते बदला.

शेवटचं आणि सगळ्यात दुर्लक्षिलेलं म्हणजे पंखा. डेलचं नसलेलं कार्ड घातलं की मशीनच्या ईसी चिपला (पंखा आणि बॅटरी सांभाळणारी) कार्डाचं तापमान बरेचदा वाचताच येत नाही. कार्ड 85 वर आणि पंखा निवांत. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये पंख्याचा ताबा घेऊन स्वतःची पायरी ठरवा: 50 ला हळू, 65 ला मध्यम, 75 ला पूर्ण. आणि ते विंडोजबरोबर आपोआप सुरू व्हायला लावा, नाहीतर एखाद्या दिवशी विसराल.

सीएच341ए बद्दल: काळ्या रंगाच्या बोर्डांत बरेचदा डेटाच्या पिनांवर 5 व्होल्ट येतात आणि बायोसची चिप 3.3 ची असते. मल्टिमीटर आहे ना, आधी मोजा. आणि बायोस दोनदा वाचून दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्याशिवाय काहीही लिहू नका.

मुलुंड_पीसीआय

वरच्या प्रतिसादाशी सहमत. दुसऱ्या वाटेबद्दल: करू नका.

वायफायचा स्लॉट म्हणजे पीसीआय एक्सप्रेस 2.0 ची एकच लेन (डेटाचा मार्ग), सेकंदाला जेमतेम 500 एमबी. डेस्कटॉप कार्ड कितीही भारी आणलं तरी सगळा माल त्याच बोळातून जाणार. सरासरी फ्रेम बऱ्या दिसतील, पण गेममध्ये नवा भाग लोड होताना दचके बसतील आणि त्यावर सेटिंगमध्ये इलाज नाही. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर चित्र परत आणायचं म्हटलं तर त्याच बोळातून परतीची वाहतूक, म्हणून बाहेरचा मॉनिटर सक्तीचा. शिवाय वायफाय जातं. वर डिव्हाइस मॅनेजरमध्ये "कोड 12" आला, तर 4 जीबीच्या खालची पत्त्यांची जागा संपलेली असते. ती वाढवायला डीएसडीटीमध्ये (बायोसमधल्या हार्डवेअरच्या तक्त्यात) हात घालावा लागतो.

एलियनवेअरचा स्वतःचा ग्राफिक्स ॲम्प्लिफायर (बाहेरच्या कार्डाचा डबा) 2014 च्या शेवटी आला. त्याचं सॉकेट तुमच्या मॉडेलवर नाही, त्यामुळे कुठे स्वस्तात डबा दिसला तरी घेऊ नका.

बाहेरून कार्ड जोडायचंच असेल तर एम.2 एनव्हीएमई स्लॉट (वेगवान एसएसडीची जागा) असलेलं मशीन घ्या आणि त्यात ऑक्युलिंक (पीसीआयच्या लेन बाहेर काढणारी केबल) लावा. पीसीआय 3.0 च्या चार लेन म्हणजे सेकंदाला जवळपास 3.9 जीबी, तुमच्या वायफाय स्लॉटच्या आठपट. लागणारं सामान: एम.2 एम-की ते ऑक्युलिंक ॲडॅप्टर, केबल, 24 पिनांच्या साध्या एसएमपीएसवर (डेस्कटॉपच्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर) चालणारा डॉक आणि कार्ड. आरएक्स 6600 (132 वॅट, एकच 8 पिन) असेल तर चांगल्या कंपनीचा 450 वॅटचा एसएमपीएस पुरतो. आरटीएक्स 3060 12 जीबी (170 वॅट) असेल तर 550 घ्या. इंटेल आर्क नको. त्याला रीसाइझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम दिसण्याची सोय) लागतो आणि जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये तो नसतो.

मशीन घेताना फसण्याची जागा एकच. एम.2 स्लॉट दिसला म्हणजे चार लेन आहेत असं नाही. काही स्लॉट फक्त साटाचे (डिस्कच्या जुन्या, संथ जोडणीचे) असतात, काही दोन लेनचे. थिंकपॅड टी480 चंच बघा, 2.5 इंचाच्या जागी एनव्हीएमई बसवायचं ॲडॅप्टर मिळतं, पण तिथे दोनच लेन आहेत. आणि असलेला एकमेव एनव्हीएमई स्लॉट कार्डाला दिला तर विंडोज कुठे ठेवणार? म्हणून दोन स्लॉट, किंवा एक एम.2 आणि एक 2.5 इंची साटा, असंच मशीन बघा.

ग्रँटरोड_पूर्व

उपप्रश्नाला हात घालतो, कारण काउंटरवर रोज हेच ऐकू येतं: "ही कंपनी बंद झाली ना? मग पार्ट नसणार."

ब्रँडचं नाव बघूच नका, झाकण उघडून बोर्डचा नंबर वाचा. एलए पासून सुरू होऊन पी वर संपला तर कॉम्पाल, डीए0 पासून सुरू झाला तर क्वांटा, 6050ए असेल तर इन्व्हेंटेक. वरच्या स्टिकरवर जे नाव आहे त्याने बरेचदा बोर्ड बनवलेलाच नसतो. लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर स्कीमॅटिक आणि बोर्डव्ह्यू (सर्किटचे आणि बोर्डचे नकाशे) शोधतो ते याच नंबरावर, आणि ते मिळालं तर मेलेल्या ब्रँडचा बोर्डही उठतो. मिळालं नाही तर जिवंत ब्रँडचाही भंगार.

डेलने 2006 मध्ये एलियनवेअर विकत घेतली. त्याआधीचे एलियनवेअरचे कित्येक लॅपटॉप तैवानच्या क्लेव्होच्या सांगाड्यावर होते. तोच सांगाडा दुसऱ्या दुकानात दुसऱ्या नावाने मिळायचा. त्याच वर्षी एचपीने व्हूडू ही गेमिंग पीसीची कंपनी घेतली. गेमिंगची दोन्ही मोठी नावं एका वर्षात मोठ्यांच्या पोटात गेली.

बाकीच्यांची यादी सगळ्यांना पाठ आहे: कॉम्पॅक 2002 मध्ये एचपीकडे, आयबीएमचं थिंकपॅड 2005 मध्ये लेनोव्होकडे, सोनीचं व्हायो 2014 मध्ये जपान इंडस्ट्रियल पार्टनर्सकडे. तोशिबाने 2018 मध्ये 80.1 टक्के हिस्सा शार्पला विकला, नाव डायनाबुक झालं, उरलेला 2020 मध्ये गेला. 1985 मध्ये टी1100 हा सुरुवातीचा लॅपटॉप काढणारी कंपनी ती. कारण फार गूढ नाही. चिप इंटेलची, विंडोज मायक्रोसॉफ्टची, बोर्ड तैवानचा. स्वतःचं म्हणून उरलं झाकण, बिजागरी आणि सर्व्हिस सेंटर. मग जो जास्त नग उचलतो त्याला माल स्वस्त मिळतो, आणि सुबक पण कमी नग विकणारा मरतो. आपल्याकडच्या झेनिथ आणि एचसीएलचे लॅपटॉपही याच चक्कीत गेले.

यातून घेणाऱ्याने काय शिकायचं? चिप बनवणारा ड्रायव्हर देतो, लॅपटॉप बनवणारा बायोस, ईसी, बॅटरी आणि स्वतःची विचित्र सॉकेटं देतो. ब्रँड गेला की दुसऱ्या रकान्यातलं जातं, पहिल्यातलं नाही. ईव्हीजीएने सप्टेंबर 2022 मध्ये ग्राफिक्स कार्डं बनवणं सोडल्याचं जाहीर केलं, तरी तिचं जुनं कार्ड बिनधास्त घ्या, ड्रायव्हर एनव्हीडियाचाच लागतो. उलट उदाहरण 2011 च्या व्हायो झेडचं. त्याचं ग्राफिक्स कार्ड बाहेरच्या पॉवर मीडिया डॉकमध्ये होतं, सोनीच्या स्वतःच्या सॉकेटवर. डॉक हरवला की दुसरं काहीही तिथे लागत नाही. देखणं यंत्र, पण आज शोकेसमध्ये ठेवायचं.

पार्टनुसार सांगायचं तर:

पडद्याची काळजी नको. पॅनल एयूओ, एलजी, इनोलक्स, सॅमसंग यांचे, ब्रँडचा संबंध नाही. पॅनल काढून मागचा नंबर वाचा (बी ने सुरू तर एयूओ, एलपी तर एलजी, एन आणि लगेच आकडा तर इनोलक्स, एलटीएन तर सॅमसंग). 30 पिन की 40 पिन, सॉकेट डावीकडे की उजवीकडे, बाजूच्या स्क्रूच्या पट्ट्या आहेत का, एवढं जुळवा.

बॅटरी ही खरी डोकेदुखी. मूळ मिळत नाही, नवी म्हणून मिळते ती गोदामात वर्षानुवर्षं पडलेली. आतले 18650 सेल बदलता येतात, पण जुने सेल काढताना सर्किटची वीज क्षणभर जरी गेली तरी काही पॅकमधली गेज चिप (चार्ज मोजणारी) कायमची लॉक होते आणि नवे सेल असूनही बॅटरी शून्य दाखवते. म्हणून काम चालू असताना बाहेरून तेवढंच व्होल्टेज देत राहायचं. सेल एकमेकांशी 10 मिलिव्होल्टच्या आत जुळलेले हवेत, पट्टी निकेलची आणि स्पॉट वेल्डिंगच. सेलवर सोल्डरिंग गन टेकवणारा दिसला तर तिथून निघा.

बिजागरी आणि मागचं कव्हर फक्त मेलेल्या मशीनमधून मिळतं. घेण्याआधी बिजागरीच्या बुडाशी प्लास्टिकला तडा आहे का, ते अंगठ्याने दाबून बघा.

सेकंड हँड कार्ड किंवा बोर्ड घेताना चिपच्या कडेला टॉर्च मारा. तपकिरी, चिकट फ्लक्सचा (सोल्डरिंगच्या रसायनाचा) वळ दिसला म्हणजे हीट मारून उठवलेला माल आहे, किती दिवस चालेल याचा भरवसा नाही. किनाऱ्याजवळच्या मशीनमध्ये रॅमच्या सॉकेटवर आणि यूएसबीच्या पत्र्यावर हिरवट बुरशीसारखं काही दिसतं का, तेही बघा. खारी हवा आणि चार पावसाळे, हा मुंबईतला खास आजार. आणि रविवारी येऊ नका, बाजार बहुतेक बंद असतो.

डोंबिवली_फास्ट

एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. वायफायवाली वाट रद्द. मला 2019 नंतरचेही गेम हवेत, म्हणून 1060 पण रद्द. आठव्या पिढीचं, दोन एम.2 असलेलं मशीन शोधतो आणि आरएक्स 6600 लावतो. एलियनवेअर विकावं का?

माटुंगा_हीटसिंक

अख्खा लॅपटॉप तसाच विकलात तर वजनाच्या भावात जाईल. 770एम कार्ड, सॉकेटमधला 4700एमक्यू, पडदा आणि अडॅप्टर वेगवेगळे जास्त देतात, कारण याच मॉडेलवाले पार्ट शोधत असतात. अर्थात मी असतो तर ठेवला असता. जुन्या गेमना तेवढा कीबोर्ड आज कुणी देत नाही.

मुलुंड_पीसीआय

जोडताना एवढं पाळा. ऑक्युलिंकची केबल चालू मशीनमध्ये लावायची किंवा काढायची नाही. आधी डॉकचा एसएमपीएस चालू, मग लॅपटॉप. उलटं केलंत तर कार्ड दिसणारच नाही, आणि तुम्ही तासभर ड्रायव्हर पुसत बसाल. केबल शक्यतो 50 सेंमीच्या आत, वळण सैल. गेम चालू असताना जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये बस इंटरफेस बघा, x4 3.0 दिसायला हवं. x4 1.1 वर अडकलं किंवा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएच्या (हार्डवेअरमधल्या चुकांच्या) 17 नंबरच्या नोंदी साचू लागल्या तर केबल किंवा ॲडॅप्टर कच्चा आहे, बदला. पॉवर ऑप्शनमध्ये लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद ठेवा.

एम.2 ॲडॅप्टर बसवल्यावर मागचं कव्हर बंद होत नाही. केबलला कव्हरमध्ये खाच कापावी लागेल. कापण्याआधी खाचेच्या खाली बिजागरीचा स्क्रू नाही ना, बघा.

आणि चाळीत किंवा जुन्या इमारतीत राहत असाल तर आधी अर्थिंग तपासा. मल्टिमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. लॅपटॉपचा अडॅप्टर, डॉकचा एसएमपीएस आणि मॉनिटर, तिन्ही एकाच थ्री-पिन बोर्डवर. वेगवेगळ्या खोल्यांतून वायरी ओढल्यात तर दोन अर्थमधला फरक ऑक्युलिंकच्या केबलमधूनच वाट काढतो, आणि केबल लावताना डॉकच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. बरेच जण त्याला कार्डाचा दोष समजतात.